एकशेपंधरा किलोंचा हिशेब

ऑक्टोबर 1972 मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पोर्शे कंपनीने 911 कॅरेरा आरएस 2.7 ही गाडी मांडली. किंमत 34,000 जर्मन मार्क. त्यावर आणखी 700 मार्क मोजले, की कंपनी गाडीतलं सामान कमी करून द्यायची. मागची सीटं नाहीत, कार्पेट नाही, घड्याळ नाही, कोट अडकवायचा हूक नाही, दाराला आर्मरेस्ट नाही. या प्रकाराचं नाव स्पोर्ट. ज्यांना रोजच्या वापरासारखी सजलेली गाडी हवी होती त्यांच्यासाठी टूरिंग होती, तिचे 2,500 मार्क जादा. स्पोर्टचं वजन 960 किलो, टूरिंगचं 1,075. इंजिन दोघींचं एकच, 2.7 लिटरचं आणि 210 अश्वशक्तीचं.

मधल्या 115 किलोंचा हिशेब मांडला की गाडीचं वजन उतरवणं म्हणजे काय ते बरंच कळतं. गॅरेजमध्ये पाने घेऊन आतलं सामान उचकटणाऱ्या हौशी माणसालाही आणि कारखान्यात ग्रॅम मोजणाऱ्या इंजिनिअरलाही एकच प्रश्न सोडवायचा असतो: ही वस्तू इथे कशासाठी बसवली आहे, आणि ते काम मला नको आहे का?

पोर्शेने हा खटाटोप शर्यतीच्या नियमांमुळे केला. तिच्या 917 या बलाढ्य गाडीचे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतले दिवस नियम बदलल्यामुळे संपले होते, आणि आता रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाडीवरच शर्यतीची गाडी बांधायची होती. त्यासाठी ‘ग्रुप 4’ या शर्यतीच्या गटाची अट अशी, की मूळ गाडीचे किमान 500 नग तयार झाले पाहिजेत. शिवाय नोंदणीच्या वेळी गाडीचं जे वजन लिहिलं जाईल त्यावर पुढे शर्यतीतलं वजन ठरणार. म्हणून सुरुवातीच्या गाड्या अगदी उघड्या अवस्थेत वजनकाट्यावर चढवल्या गेल्या, नोंद झाली आणि मग त्या पुन्हा कारखान्यात येऊन ग्राहकाने मागितल्याप्रमाणे स्पोर्ट किंवा टूरिंग झाल्या. कंपनीच्या विक्री विभागाला 500 गाड्या खपतील याचीच खात्री नव्हती. नोव्हेंबर संपेपर्यंत सगळ्या विकल्या गेल्या होत्या.

स्पोर्टच्या आत बसलं की काय दिसतं? दाराला आतून सपाट पॅनल, दार ओढून घ्यायला साधी मूठ आणि उघडायला एक पट्टी. डॅशबोर्डवर घड्याळाची जागा झाकण लावून बुजवलेली. शेजारच्या सीटसमोरचा सन व्हायझर काढलेला, कारण ऊन डोळ्यांवर आलं तर अडचण गाडी चालवणाऱ्याची होते. पायाखाली कार्पेटऐवजी रबरी मॅट. बाहेर पुढच्या बोनेटवर पोर्शेचं मीनाकारी केलेलं धातूचं बोधचिन्ह असायचं, तिथे त्याच चित्राचा स्टिकर. या स्टिकरने वाचवलेलं वजन मूठभरही नव्हतं. पण तो चिकटवणाऱ्यांनी गाडीतली एकही वस्तू ‘ही असतेच’ म्हणून सोडली नाही, हे त्यावरून दिसतं. मला त्या साऱ्या गाडीत हा स्टिकर सगळ्यात जास्त आवडतो.

अर्थात घड्याळ, हूक आणि स्टिकर मिळून 115 किलो होत नाहीत. मोठा वाटा मागची सीटं, कार्पेट आणि आवाज अडवणाऱ्या थरांचा. शिवाय आरएस मालिकेत पत्रा काही ठिकाणी नेहमीपेक्षा पातळ होता, काचा पातळ होत्या, आणि बदकाच्या शेपटीसारखा वर उचललेला स्पॉयलर असलेलं इंजिनावरचं झाकण फायबरग्लासचं होतं. डोळ्यांत भरतं ते आतलं उघडंपण. पण पातळ पत्रा आणि पातळ काच यांनी केलेलं काम फोटोत दिसत नाही. हौशी माणूस हमखास चुकतो तो इथेच. त्याला रेडिओ काढल्याचं समाधान मोठं वाटतं, आणि रेडिओ भरतो जेमतेम किलो-दीड किलो.

आता या वजनाने काय मिळालं ते पाहू. 960 किलोंना 210 अश्वशक्ती, म्हणजे दर अश्वशक्तीला साधारण 4.6 किलो ओझं. टूरिंगला तेच प्रमाण गाठायचं असेल तर इंजिन 235 अश्वशक्तीचं लागेल. म्हणजे 115 किलो काढणं हे 25 अश्वशक्ती वाढवण्यासारखं झालं. स्पोर्ट शून्यावरून ताशी 100 किलोमीटरला 5.8 सेकंदांत पोचायची, टूरिंगला 6.3 सेकंद लागत. ‘ऑटो मोटोर उंड श्पोर्ट’ या जर्मन मासिकाच्या चाचणीत सहा सेकंदांच्या आत आलेली ही पहिली मालिका-उत्पादनातली गाडी ठरली. कमाल वेगात मात्र फरक थोडा: 245 आणि 240. याचं कारण सरळ आहे. वेग वाढत गेला की इंजिनाची बहुतेक ताकद हवेला बाजूला सारण्यात खर्ची पडते, आणि हवेला गाडीच्या वजनाशी काही देणंघेणं नसतं. तिला गाडीचा आकार कळतो.

म्हणून हलकेपणाची खरी कमाई सरळ रस्त्यावर शोधू नये, ती ब्रेकवर आणि वळणावर होते. ताशी 200 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत 115 किलो वजन जास्त असेल, तर थांबताना ब्रेकच्या डिस्कवर जवळपास 177 किलोज्यूल ऊर्जा जादा येते. अर्धा लिटर पाणी उकळायला साधारण तेवढी उष्णता लागते. शर्यतीच्या एका फेरीत असे जोराचे ब्रेक पाच-सात वेळा मारायचे आणि अशा फेऱ्या तासन् तास करायच्या, तर ही जादा उष्णता जाणार कुठे? डिस्क, पॅड आणि ब्रेक फ्लुइड यांतच ती साठत जाते.

वळणावर टायरचा एक स्वभाव कामी येतो. टायरवर दुप्पट भार टाकला तर त्याची पकड वाढते, पण दुप्पट होत नाही, थोडी कमी पडते. उलट भार कमी केला तर उरलेल्या प्रत्येक किलोमागे टायर जास्त चांगला धरतो. तेच टायर, तेच वळण, तरी हलकी गाडी थोड्या जास्त वेगाने निघून जाते. इंजिनाची ताकद वाढवून यातलं काहीच साधत नाही. ताकद फक्त वेग घेताना उपयोगी पडते; वजन सुटताना, थांबताना, वळताना, खड्ड्यात आदळताना, सगळीकडे आडवं येतं.

वजन किती काढलं याच्याइतकंच ते कुठून काढलं हेही महत्त्वाचं आहे. टपावरचा एक किलो आणि तळाचा एक किलो सारखे नाहीत. वरचा किलो गेला की गाडी वळणावर कमी कलते. बीएमडब्ल्यूने 2003 मध्ये एम3 सीएसएल काढली तेव्हा तिचा टप कार्बन फायबरचा केला. त्यात वाचले अवघे काही किलो, पण ते गाडीच्या सर्वांत उंच जागेवरचे होते. त्याच गाडीत मागची काच पातळ केली, डिकीच्या तळाला पुठ्ठ्याची जाळीदार फळी घातली, एसी आणि रेडिओ मागणाऱ्यालाच दिले. एकूण 110 किलो उतरले आणि गाडी 1,385 किलोंवर आली. 1973 ची पोर्शे आठवली म्हणजे मूळच्या गाड्या तीस वर्षांत किती जड झाल्या होत्या तेही यावरून कळतं.

आतल्या सामानात सगळ्यात फायद्याची वस्तू सीट. लोखंडी सांगाडा, फोम, सरकपट्ट्या आणि त्यात मोटारी आणि हीटर असतील तर एकेक पुढचं सीट वीस-पंचवीस किलोंच्या घरात सहज जातं. कार्बन फायबरचं एकसंध बकेट सीट त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतं. दोन सीटं बदलली की एका लहान मुलाइतकं वजन खाली उतरतं, आणि सीट शरीराला घट्ट धरतं हा वेगळा लाभ. त्यानंतर नंबर बॅटरीचा. 2010 च्या सुमारास पोर्शेने जीटी3 आणि तिच्या भावंडांसाठी लिथियम-आयन बॅटरीचा पर्याय दिला. तिचं वजन सहा किलोंहून कमी, नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीपेक्षा दहा किलो हलकं. किंमत जर्मनीत करांसह 1,904 युरो. आणि सोबत नेहमीची जड बॅटरीही मिळायची, कारण कडक थंडीत लिथियमची बॅटरी इंजिन सुरू करायला कमी पडते. दहा किलोंसाठी इतके पैसे मोजणारा ग्राहक खुळा नव्हता. तोवर गाडीतून सोपं असं काढण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

सगळ्यात कष्टाचं काम गाडीच्या तळावरच्या डांबरी शीटचं. कार्पेट उचललं, त्याखालचा नमदा काढला की रंगवलेल्या पत्र्याला घट्ट चिकटलेले काळपट, जाड तुकडे दिसतात. पायांपाशी, गिअरच्या बोगद्यावर, मागच्या सीटखाली. बहुतेक जणांना ते गंजापासूनचं संरक्षण वाटतं. त्यांचं मुख्य काम वेगळं आहे. पातळ पत्रा इंजिनाच्या आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी थरथरत असतो आणि ती थरथर आवाज होऊन कानावर येते. डांबरी थर पत्र्याबरोबर वाकतो, पण पत्र्यासारखा उसळून परत येत नाही. हादऱ्याची ऊर्जा तो स्वतःत मुरवतो आणि तिची थोडीशी उष्णता होते. हे काम नीट करायला थर जड असावाच लागतो. म्हणजे शांत गाडी आणि हलकी गाडी या दोन मागण्या इथे थेट एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतात.

हा थर खरवडायला गेलं तर तो चिंगमसारखा ताणला जातो आणि पटाशी रुतून बसते. हीट गनने गरम केला तर मऊ होऊन सगळीकडे बरबटतो. मेकॅनिक म्हणून त्याला गार करतात. उणे 78 अंश सेल्सिअसचा ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, त्याचे तुकडे शीटवर पसरून काही मिनिटं ठेवायचे. डांबर काचेसारखं कडक होतं, बारीक तडतड आवाज येतो, कडांना भेगा पडतात. मग हातोडीने हलके ठोके दिले की त्याच्या खपल्या पत्र्यावरून सुटून येतात, आणि खालचा रंग बहुधा जसाच्या तसा राहतो. हे करताना जाड हातमोजे लागतातच. उघड्या हाताने तुकडा धरला तर कातडी गोठते. आणि गाडीची सगळी दारं आणि गॅरेजचं शटर उघडं हवं. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो गाडीच्या तळाशी साठतो, आणि माणूस तिथेच डोकं खाली घालून काम करत असतो. इतक्या खटपटीनंतर गोणीत भरून काट्यावर ठेवलं तर हाती येतात काही किलो. शर्यतीच्या गाडीला ते हवेच असतात. रस्त्यावरच्या गाडीला त्याची किंमत तासाभराच्या प्रवासात कळते: चाकांखाली उडणारा प्रत्येक खडा ऐकू येतो, सायलेन्सरची धग तळातून पायाला लागते, शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो.

फेरारीने 1987 मध्ये एफ40 काढली तेव्हा हे सगळं मुद्दाम, उघडपणे केलं. एन्झो फेरारी यांच्या हयातीत आलेली ही शेवटची नवी फेरारी. आत कार्पेट नाही, रेडिओ नाही, दाराला पॅनल नाही, दार उघडायला ओढायची दोरी. सुरुवातीच्या गाड्यांना काचेऐवजी सरकवायच्या प्लास्टिकच्या खिडक्या होत्या. बाहेरचा रंग इतका पातळ, की उजेडात त्याखालची कार्बन-केव्हलारची वीण दिसते. कंपनीने सांगितलेलं कोरडं वजन 1,100 किलो, ताकद 478 अश्वशक्ती, कमाल वेग ताशी 324 किलोमीटर. एसी मात्र ठेवला होता. एवढ्या तापणाऱ्या इंजिनापुढे बसलेल्या माणसाला तो लागतो, हा निर्णय मला पटतो. वजन उतरवणाऱ्याने काय ठेवलं, यावरूनही त्याची समज कळते.

तयार गाडीतून सामान काढण्याला एक मर्यादा आहे, आणि ती कुणी टाळू शकत नाही. इंजिनिअर जेव्हा कागदावरच गाडी हलकी करतो तेव्हा एका बचतीतून दुसरी निघते. गाडी हलकी म्हणून ब्रेक लहान चालतात, ब्रेक लहान म्हणून चाक लहान, सगळंच हलकं म्हणून इंजिन आणि पेट्रोलची टाकी लहान. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांनी लोटस कंपनी याच विचारावर उभी केली. त्यांच्या मृत्यूनंतर, 1996 मध्ये आलेली लोटस एलिस त्याच वळणाची. ॲल्युमिनियमचे दांडे गोंदाने जोडून केलेली तिची चॅसी फक्त 68 किलोंची, पूर्ण गाडी 725 किलोंच्या आसपास, आणि 1.8 लिटरचं साधं रोव्हर इंजिन तिला पुरायचं. आत ॲल्युमिनियम उघडंच दिसतं, कारण झाकण्यासाठी काही बसवलेलंच नव्हतं. तयार गाडीतून आपण 100 किलो काढले तरी तिचे ब्रेक, चाकं, इंजिन जड गाडीच्या मापाचेच राहतात. बचत तिथेच थांबते.

उलट काही गोष्टी बिघडतात. स्प्रिंगा मूळ वजनाच्या हिशेबाने बसवलेल्या असतात. ओझं कमी झालं की गाडी वर उचलली जाते, चाकांचे कोन बदलतात, खड्ड्यांवर ती उडते. पुढे इंजिन असलेल्या गाडीतून मागचं सीट, स्टेपनी, जॅक आणि डिकीचं अस्तर काढलं, तर सगळी घट मागच्या चाकांवरून होते. मग जोरात ब्रेक मारला की मागची चाकं लवकर अडतात, आणि एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत मागची बाजू फिरून पुढे यायला तेवढं पुरतं. म्हणून शर्यतीचे संघ वजन काढल्यावर चारही चाकांखाली वेगवेगळे काटे ठेवून गाडी मोजतात आणि स्प्रिंगा, अलाइनमेंट, ब्रेकची वाटणी नव्याने बसवतात. ते न करता नुसतं सामान काढलं तर गाडी हलकी होते, चांगली होतेच असं नाही.

आता ज्या वस्तू काढूच नयेत त्यांच्याबद्दल. आजच्या गाडीच्या दारातलं पॅनल नुसतं सजावटीचं नसतं. त्यामागे फोमचे ठोकळे असतात, आणि बाजूने धडक बसली तर ते माणसाच्या बरगड्या आणि कंबर सांभाळतात. भारतात ऑक्टोबर 2017 पासून नव्या मॉडेलना बाजूच्या धडकेची चाचणी सक्तीची झाली. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत गाडी अशा कसोट्यांना उतरते ती तिच्या पॅनल, सीट, एअरबॅग यांसकट. त्यातला एक भाग काढला की तपासलेली गाडी ती राहत नाही. मूळ सीटच्या कडेला बऱ्याचदा बाजूची एअरबॅग असते, खाली माणूस बसला आहे का हे ओळखणारा सेन्सर असतो. सीट बदलून त्यांच्या वायरी मोकळ्या सोडल्या तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि बऱ्याच गाड्यांत ती सगळी यंत्रणाच बंद पडते. एअरबॅग आणि सीटबेल्ट खेचणाऱ्या यंत्रात स्फोटक भरलेलं असतं. बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्यांच्या पिवळ्या जोडण्यांना हात लावू नये.

दुसरी गोष्ट रोल केजची. शर्यतीत हेल्मेट घातलेल्या आणि सहा पट्ट्यांनी बांधलेल्या चालकाला लोखंडी नळ्यांचा तो पिंजरा वाचवतो. बाजारात जाताना तोच चालक हेल्मेटशिवाय, साध्या सीटबेल्टवर बसलेला असतो, आणि धडकेत डोकं जिथे आपटतं तिथे ती नळी असते. आतलं अस्तर, टपाची गादी, खांबांवरचं प्लास्टिक काढून तिथे नळ्या बसवलेली गाडी रस्त्यावर चालवणं मला धोक्याचंच वाटतं. फोटोत ती कितीही देखणी दिसली, तरी.

आपल्याकडे कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे मालकाला गाडीत असा बदल करता येत नाही की ज्याने नोंदणीतला तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल. आरसीवर पाच आसनं लिहिलेली असताना मागचं सीट काढून टाकलं तर ती नोंद खोटी ठरते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम काटेकोर अर्थाने लावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. चेन्नई आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांची गोष्ट निराळी. त्या शर्यतीच्या नियमांखाली, शर्यतीसाठीच बांधलेल्या असतात.

पोर्शेचा हिशेब शेवटी ग्राहकांनी पूर्ण केला. जुलै 1973 पर्यंत आरएस 2.7 च्या एकूण 1,580 गाड्या तयार झाल्या. त्यांतल्या 55 आरएसआर थेट शर्यतीसाठी होत्या, आणि त्या प्रकारच्या गाडीने त्याच वर्षी डेटोनाची 24 तासांची शर्यत आणि सिसिलीची टार्गा फ्लोरिओ जिंकली. 17 गाड्या नोंदणीच्या उघड्या अवस्थेतल्या होत्या. उरलेल्या 1,508 पैकी 700 मार्क देऊन सामान काढून घेणारे निघाले 200. बाकी 1,308 जणांनी कार्पेट, घड्याळ आणि मागची सीटं पैसे भरून परत घेतली. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना ती गाडी रोज चालवायची होती, आणि 1,075 किलोंची असूनही ती आपल्या काळातल्या वेगवान गाड्यांत मोडत होती.

तुमच्याकडे जी गाडी आहे ती हलकी करायची इच्छा असेल, तर पाना हातात घेण्याआधी ती जवळच्या वजनकाट्यावर न्या आणि रिकामं वजन लिहून ठेवा. मग डिकीत साठलेलं सामान, टपावरचं कॅरिअर, नंतर बसवून घेतलेला सबवूफर आणि त्याचं लाकडी खोकं, जादा लोखंडी गार्ड हे सगळं उतरवून पुन्हा मोजा. यातल्या एकाही गोष्टीसाठी कायदा मोडावा लागत नाही, एअरबॅगला हात लागत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत स्टिकर, घड्याळ आणि हूक मिळून पोर्शेने जितकं वाचवलं त्याच्या कितीतरी पट वजन इथेच उतरतं. त्यापुढे जायचं असेल तर ट्रॅकसाठी वेगळी गाडी ठेवा, आणि ती शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्या.